वाचक विचारतात : वळचणीची चिमणी, आरशातला दयाळ

या महिन्याच्या टपालात पक्ष्यांवरची पत्रं सर्वात जास्त होती, आणि एक पत्र चित्रपटाबद्दलचं असूनही शेवटी पक्ष्यांकडेच वळलेलं. बहुतेक पत्रांत एकच प्रश्न फिरून फिरून आला आहे : शहरात पक्षी रुळतात कसे, आणि काही का रुळत नाहीत? उत्तरं लिहिताना आम्ही एक गोष्ट धरून चाललो आहोत. पक्ष्याला ‘शहर’ दिसत नाही. त्याला भिंतीतलं भोक दिसतं, कड्यासारखा सज्जा दिसतो, कुंडीतली मावा पडलेली फांदी दिसते. तो नेमकं काय वापरतोय हे कळलं की काय करायचं हेही कळतं.

शहापुरातलं आमचं जुनं कौलारू घर उतरवून तीन वर्षांपूर्वी स्लॅबचं बांधलं. तेव्हापासून चिमण्या नाहीत. आधी पुठ्ठ्याचं घरटं आणून लावलं, ते पावसात गेलं. मग प्लायवूडचं लावलं, त्यात साळुंक्या शिरल्या. शेजारी म्हणतात, गल्लीच्या तोंडाला मोबाईलचा टॉवर आहे तोवर चिमण्या यायच्या नाहीत. खरं काय?
— गृहिणी, शहापूर, बेळगाव

टॉवरची शंका आधी मिटवू. लंडनच्या केन्सिंग्टन गार्डन्समध्ये १९२५ साली २६०३ चिमण्या मोजल्या होत्या. १९७५ साली त्याच बागेत ५४४ उरल्या. ब्रिटनमध्ये मोबाईलची सेवा १९८५ साली सुरू झाली. म्हणजे पाचातल्या चार चिमण्या टॉवर येण्याच्या आधीच गेल्या होत्या. भारतातही चिमणी सगळीकडून नाहीशी झालेली नाही. देशभरच्या पक्षीनोंदी एकत्र करून २०२० साली जो अहवाल निघाला, त्यात चिमणीची एकूण संख्या टिकून असल्याचं आणि घट मोठ्या महानगरांत असल्याचं दिसलं. टॉवरवर राग काढत बसलो तर हातात असलेलं काम राहून जातं.

तुमच्या घरात काय बदललं ते पाहा. मंगलोरी कौलांच्या शेवटच्या ओळीखाली, भिंतीच्या माथ्यावर, वाशा-वाशांमध्ये मुठीएवढ्या पोकळ्या असतात. वरून कौल, खालून भिंत, तोंड अरुंद. चिमणीला याहून चांगली जागा नको असते. स्लॅबच्या घरात ती वळचणच राहत नाही. दुसरं, चिमणी दाणे खाते खरी, पण पिल्लांना पहिले काही दिवस अळ्या, मावा, छोटे किडेच लागतात. परसात फरशी घातली, कुंड्यांवर औषध फवारलं की दाण्याची वाटी भरलेली असूनही पिल्लं जगत नाहीत.

आता घरटं. बाजारातल्या बहुतेक घरट्यांत तीन चुका असतात : भोक मोठं, पुढे बसायला काडी, आणि पाणी शोषणारा माल. काडीचा चिमणीला काहीच उपयोग नाही. ती थेट भोकाला लटकते. काडी उपयोगी पडते ती कावळ्याला. तुमच्या प्लायवूडच्या घरट्याचं भोक मोजून पाहा, पन्नास मिलिमीटरच्या आसपास निघेल. चिमणीला ३२ मिमी पुरतं, आणि त्यातून साळुंकीचं अंग जात नाही. सुताराकडे सव्वा इंची बिट असतोच, तो चालतो.

एका घरट्याला ६ इंच रुंद, ४ फूट लांब आणि १५ मिमी जाड अशी एक फळी लागते. प्लायवूड नको, बेळगावच्या पावसात दोन वर्षांत त्याचे पदर सुटतात. एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) तर पहिल्याच पावसात फुगतं. सिल्व्हर ओक किंवा पाइन घ्या. उद्यमबागेच्या औद्योगिक भागात यंत्रांच्या पॅकिंगचे पाइनचे खोके भंगारात मिळतात. त्या लाकडावर भाजून उठवलेला शिक्का असतो, तो वाचून घ्या : ‘एचटी’ असेल तर लाकूड फक्त तापवलेलं आहे, ‘एमबी’ असेल तर विषारी धुरी दिलेली आहे. ‘एमबी’ची फळी कितीही स्वस्त मिळाली तरी नको.

फळीचे तुकडे असे पाडा. पाठ ४० सेंमी. दोन्ही बाजूंसाठी ४५ सेंमीचा एकच तुकडा. त्याच्या एका कडेला २५ वर आणि दुसऱ्या कडेला त्याच टोकापासून २० वर खूण करून तिरका छेद घेतला की दोन सारख्या बाजू मिळतात, मागे २५ आणि पुढे २० उंचीच्या. पुढची फळी २० सेंमी. तळ १२ सेंमी. एवढं चार फुटांत बसतं. छत मात्र वेगळ्या रुंद फळीचं, २० बाय २४ सेंमी, म्हणजे ते पुढे सहा सेंमी आणि दोन्ही बाजूंना अडीच-अडीच सेंमी बाहेर येतं. हे बाहेर आलेलं छत इथल्या पावसासाठी आहे, त्यात काटकसर करू नका. पुढच्या फळीवर खालच्या कडेपासून १६ सेंमीवर भोकाचा मध्य धरा. भोक याहून खाली घेतलं तर मांजराचा पंजा पिल्लांपर्यंत पोचतो. तळाला कोपऱ्यांत ६ मिमीची चार छिद्रं, बाजूंना छताखाली दोन-दोन छिद्रं हवेसाठी. जोडणी दीड इंची स्क्रूने करा, खिळ्यांनी नाही. दर वर्षी उघडायचं आहे. छताला मागच्या बाजूने सायकलच्या ट्यूबची पट्टी ठोकली की बिजागरीही होते आणि फटीतून पाणीही शिरत नाही. आतून रंग, वॉर्निश काही नको, आतली बाजू खरबरीतच ठेवा, पिल्लांना चढून भोकाशी यायला तीच लागते. बाहेरून जवसाचं तेल दोन हात.

टांगायची जागा अडीच ते तीन मीटर उंच, भिंतीला घट्ट, सज्जाखाली. तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला. आपल्याकडे पावसाची झड पश्चिम-नैर्ऋत्येकडून येते आणि एप्रिल-मेचं दुपारचं ऊनही तिकडूनच. पश्चिमेच्या भिंतीवर लावलेल्या घरट्यात पिल्लं उष्म्याने मरतात. हीच सर्वात जास्त होणारी चूक आहे. झाडावर टांगू नका, आणि पंखा चालू असतो त्या खोलीच्या खिडकीलगतही नको. चिमण्या वस्ती करून राहतात म्हणून एकाऐवजी तीन घरटी, हातभर अंतराने. डिसेंबर-जानेवारीत लावा. पहिल्या वर्षी रिकामी राहिली तर हलवू नका.

खार भोक कुरतडून मोठं करत असेल तर तेलाच्या डब्याच्या पत्र्याला ३२ मिमीचं भोक पाडून, कडा घासून तो पत्रा भोकावर बसवा. पिल्लं उडून गेल्यावर जुनं गवत काढा, उकळतं पाणी ओता, उन्हात वाळवा. त्या गवतात पिसवा आणि माइट राहतात, दुसऱ्या विणीची पिल्लं त्यांनीच खंगतात.

दाणा ठेवायचा तर ज्वारी, बाजरी किंवा तांदळाच्या कण्या. भडंग, फरसाण, खारी बिस्किटं नको. एवढंसं पाखरू, त्याला मीठ सोसत नाही. आणि एका कोपऱ्यात हातभर लांब-रुंद जागेत चार बोटं चाळलेली माती कोरडी ठेवा. चिमण्या धुळीत अंघोळ करतात. फरशीच्या गल्ल्यांत त्यांना धूळच मिळेनाशी झाली आहे.

उन्हाळ्यात पक्ष्यांसाठी पाणी ठेवतो, पण डेंग्यूच्या भीतीने घरचे ओतून टाकतात. काय करावं?
— निवृत्त कर्मचारी, अनगोळ

घरच्यांचंही बरोबर आहे, म्हणून दर दोन दिवसांनी ओतायचंच. डासाच्या अंड्यापासून उडता डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. दोन दिवसांनी पाणी ओतून भांडं काथ्याने घासलं (अंडी कडेला चिकटलेली असतात, नुसतं ओतून जात नाहीत) तर एकही डास तयार होत नाही. भांडं मातीचं पसरट घ्या. खानापूरच्या कुंभारांकडचं परळ उत्तम. खोली चार-पाच सेंमी, मध्ये एक दगड. प्लास्टिकचा गुळगुळीत टब आणि स्टीलचं पातेलं टाळा, पाय निसटतात आणि स्टील तापतं.

मार्चपासून एक काळा-पांढरा पक्षी रोज सकाळी आमच्या मोटारसायकलच्या आरशावर येऊन चोची मारतो. आरसा घाणीने भरतो, त्याची चोचही फुटेल असं वाटतं. नव्या बांधकामाच्या काचेवर तर दोन पक्षी आपटून मेले. दोन्हीचं कारण एकच का?
— दुकानदार, निपाणी

कारणं दोन वेगळी आहेत आणि उपायही वेगळे.

आरशावरचा दयाळ आहे, नर. मार्च ते जुलै त्याची वीण असते आणि या काळात तो आपल्या हद्दीत दुसरा नर खपवून घेत नाही. आरशात त्याला असा प्रतिस्पर्धी दिसतो जो कितीही मारला तरी मागे हटत नाही. खऱ्या नराशी दोन-चार मिनिटांत सोक्षमोक्ष लागतो. इथे तो तासन्‌तास झटतो आणि तेवढा वेळ पिल्लांना चारा कमी पडतो. गाडी उभी करताना आरशावर जुना मोजा किंवा कापडी पिशवी चढवा, एवढंच. बुलबुल आणि चिरकही हेच करतात. घराच्या खिडकीवर होत असेल तर आतून पडदा ओढून काही होत नाही, उलट मागे अंधार झाल्याने प्रतिबिंब जास्त स्पष्ट होतं. झाकायचं ते बाहेरून.

काचेवर आपटणारे पक्षी मात्र भांडत नसतात. त्यांना काचेत आभाळ किंवा समोरचं झाड दिसतं आणि ते त्यात उडत जातात. काचेवर ससाण्याचं एक चित्र चिकटवायची पद्धत आहे, तिचा उपयोग होत नाही. पक्षी चित्राच्या शेजारून जायला बघतो आणि आपटतो. संपूर्ण काचेवर, बाहेरच्या बाजूने, दर पाच सेंमीवर एक ठिपका अशी जाळी हवी, उभ्या-आडव्या दोन्ही ओळींत. ठिपका सहा मिमीचा पुरे. दोन ठिपक्यांतून अंग जाणार नाही असं पक्ष्याला वाटलं पाहिजे, म्हणून अंतर महत्त्वाचं. दहा-पंधरा सेंमी ठेवलं तर लहान पक्षी घुसायला बघतात. पांढरा ऑइल पेंट आणि पेन्सिलीच्या मागचा रबर घेऊन एका खिडकीचं काम तासाभरात होतं.

आपटून पडलेला पक्षी दिसला तर पाणी पाजू नका. पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात, शांत जागी ठेवा. नुसती गुंगी असेल तर तासा-दोन तासांत खडखडायला लागतो, तेव्हा मोकळ्यावर खोकं उघडा. त्यानंतरही मान पडलेली असेल किंवा पंख लोंबत असेल तर पशुवैद्याकडे न्या. पतंगाच्या मांजात अडकलेल्या पक्ष्यालाही हेच, फक्त दोरा ओढून काढू नका. जखमेच्या दोन्ही बाजूंना कापा आणि आतला तुकडा डॉक्टरांनाच काढू द्या.

अपार्टमेंटच्या तिसऱ्या मजल्यावर राहतो. एसीच्या बाहेरच्या युनिटमागे पारव्यांनी घर केलं आहे. मुलाला दमा आहे. घरटं काढून टाकलं तर पाप लागेल असं आई म्हणते, आणि खालच्या मजल्यावरचे लोक रोज सकाळी दाणे टाकतात.
— बँक कर्मचारी, टिळकवाडी

पारवा कड्याकपारीतला पक्षी. तिसऱ्या मजल्यावरचा अरुंद, सावलीचा, मांजर न पोचणारा सज्जा हा त्याच्या दृष्टीने कडाच. वर्षभर वीण चालते, एका वेळी दोन अंडी. अंडी उबायला अठरा दिवसांच्या आसपास आणि पिल्लं उडायला पुढे महिनाभर किंवा थोडं जास्त. पिल्लांना सुरुवातीला किडे लागत नाहीत, आईबाप दोघंही आपल्या घशातलं दुधासारखं खाद्य भरवतात. चिमणी शहरात किड्यांवाचून अडते आणि पारवा अडत नाही, त्यातलं मोठं कारण हे.

तुमच्या आईंचं म्हणणं पाळूनही हे काम होतं. अंडी किंवा पिल्लं असतील तर सहा-सात आठवडे थांबा आणि दुसरं पिल्लू उडालं त्याच दिवशी जागा बंद करा. ‘रविवारी बघू’ म्हणाल तर नवीन अंडी पडलेली असतील. पारवे कधी कधी पहिली पिल्लं उडायच्या आधीच पुढची अंडी घालतात. नायलॉनची जाळी, ५० मिमी घराची, उन्हाला टिकणारी. जाळी ताणून चारही बाजूंनी वायरदोरीत ओवा आणि दर फुटाला हूक मारा. ढिली जाळी हा खरा धोका आहे, तिच्यात पारवेच काय, घुबडंही अडकून मरतात. एसीच्या माणसाला हात घालता येईल अशी एक बाजू उघडबंद ठेवा. नुसते काटे बसवून भागत नाही. पारवे त्यांच्यावरच काड्या रचतात.

विष्ठा कोरडी झाडू नका. दम्याच्या घरात तर मुळीच नाही, आणि मूल त्या वेळी घरात नको. एन-९५ मास्क, हातमोजे, आधी पाणी शिंपडून सगळं चांगलं भिजवायचं, मग पत्र्याने खरवडून पिशवीत भरायचं, शेवटी फिनेलच्या पाण्याने पुसायचं. सुक्या विष्ठेच्या धुळीतून बुरशी आणि जंतू फुप्फुसात जातात; शिवाय पिसांच्या नि विष्ठेच्या कणांची ॲलर्जी होऊन फुप्फुसं हळूहळू ताठर होण्याचा एक आजार आहे, तो वर्षानुवर्षं संपर्कात राहणाऱ्यांना होतो.

खालच्या शेजाऱ्यांशी बोलायलाच हवं. पारव्यांची संख्या अन्नावर चालते. रोज किलोभर दाणे पडत राहिले तर तुमच्या जाळीने पारवे कमी होत नाहीत, शेजारच्या गॅलरीत जातात. भूतदया म्हणून दाणे टाकणाऱ्या माणसाला हे वाईट वाटेल हे आम्हाला माहीत आहे, पण दम्याचं मूल असलेल्या इमारतीत ते सांगणं भाग आहे.

नववीच्या मुलांनी विचारलं : शहरातल्या पक्ष्यांची नुसती सवय बदलते की शरीरही? मला नीट उत्तर देता आलं नाही.
— शिक्षिका, चिकोडी

प्रश्न फार चांगला आहे. उत्तर तीन पायऱ्यांत सांगता येईल, आणि प्रत्येक पायरीला एक खरं उदाहरण आहे.

पहिली पायरी, शिकलेली सवय. ऑस्ट्रेलियातल्या सिडनीत पांढरे काकाकुवा कचऱ्याच्या डब्याचं जड झाकण चोचीने उचलून, कडेकडेने चालत जाऊन उलटं पाडायला शिकले. २०१८ च्या आधी हे तीन उपनगरांत दिसत होतं, २०१९ च्या अखेरीला ४४ उपनगरांत. आणि ते शेजारून शेजारी पसरत गेलं, म्हणजे एकमेकांचं बघून. इथे शरीर बदललेलं नाही.

दुसरी पायरी, तोच पक्षी परिस्थितीप्रमाणे आपला आवाज बदलतो. रहदारीचा गोंगाट बहुतेक खालच्या पट्टीत असतो. नेदरलँड्समधल्या लायडन शहरात ग्रेट टिट या पक्ष्याचा अभ्यास झाला, २००३ साली प्रसिद्ध झाला. गोंगाटाच्या जागेतले नर आपल्या गाण्यातल्या खालच्या सुरांची पट्टी वर चढवून गातात असं आढळलं. याचा उलटा पुरावा २०२० च्या टाळेबंदीत मिळाला. सॅन फ्रान्सिस्कोत रहदारी थांबली आणि तिथल्या पांढऱ्या डोक्याच्या स्पॅरो पक्ष्यांनी हळू आवाजात आणि खालच्या सुरांसकट गायला सुरुवात केली. इंग्लंडमधल्या शेफील्डला रॉबिन रात्री गातात, त्याचं कारण लोक रस्त्यावरचे दिवे समजत होते. तपासल्यावर दिवसाच्या गोंगाटाशी त्याचा संबंध जास्त निघाला. (कोकिळेचा नर मात्र विणीच्या दिवसांत दिवे नसले तरी रात्री ओरडतो. त्याला शहराचा गुण म्हणू नका.)

तिसरी पायरी, पिढ्यांमागून पिढ्या शरीर बदलणं. अमेरिकेतल्या नेब्रास्कात कडापाकोळ्या रस्त्यावरच्या पुलांखाली घरटी करतात. तिथे तीस वर्षं, १९८२ ते २०१२, गाडीखाली मेलेल्या पाकोळ्या गोळा करून मोजल्या गेल्या. घरटी वाढत गेली, तरी मरणाऱ्या पाकोळ्या कमी कमी होत गेल्या. मेलेल्यांचे पंख बाकीच्यांपेक्षा लांब निघाले, आणि जिवंत असलेल्यांचे पंख सरासरीने आखूड होत गेले. आखूड पंखाचा पक्षी रस्त्यावरून सरळ वर पटकन उठतो. मुलांना हे समजावताना ‘पाकोळीने पंख आखूड केले’ असं म्हणू नका. लांब पंखवाल्या जास्त मेल्या, आखूड पंखवाल्यांची पिल्लं जास्त जगली. एवढा एक फरक मुलांच्या मनात पक्का बसला तर उत्क्रांतीचा अर्धा धडा झाला.

वर्गाला स्वतः करता येईल असं काम : दयाळाचं किंवा बुलबुलाचं गाणं एकाच वेळी, सकाळी साडेसहाला, एकदा बसस्टँडजवळ आणि एकदा गावाबाहेरच्या मळ्यात मोबाईलवर ध्वनिमुद्रित करा. फाईल डब्ल्यूएव्ही प्रकारात ठेवा, एमपी३ मध्ये बारीक सूर गळतात. स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजातले खालचे-वरचे सूर चित्रात मांडलेला आलेख, दाखवणारं कुठलंही मोफत ॲप घ्या. पडद्यावर तळाला दोन हजार हर्ट्‌झच्या खाली जो जाड पट्टा दिसेल तो गाड्यांचा. गाण्यातला सर्वात खालचा सूर कुठे सुरू होतो ते दोन्हीकडे वाचा. एका पक्ष्यावरून काही ठरवू नका, प्रत्येक जागी निदान दहा वेगळे नर हवेत. आणि रेकॉर्ड केलेलं गाणं मोठ्याने परत वाजवायचं नाही; आरशातल्या दयाळाची जी दैना होते तीच तुमच्या स्पीकरने होईल.

कॉलेजच्या फिल्म क्लबात ‘द सोशल नेटवर्क’ पाहिला. त्यात मित्र खिडकीच्या काचेवर एक सूत्र लिहितो आणि त्यावर दोन-दोन फोटोंची तुलना होते. आमच्या निसर्गमंडळाला ६० पक्षीचित्रांतून कॅलेंडरसाठी १२ निवडायची आहेत. ते सूत्र वापरता येईल का? आणि चित्रपट कितपत खरा?
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, उद्यमबाग

चित्रपट २०१० चा, मार्क झुकेरबर्ग यांनी फेसबुक कसं काढलं त्यावरचा; दिग्दर्शक डेव्हिड फिंचर, पटकथा आरन सोर्किन. सांगाडा खरा आहे : ऑक्टोबर २००३ च्या अखेरीला हार्वर्डमध्ये फोटोंची तुलना करायला लावणारं झुकेरबर्ग यांचं ‘फेसमॅश’ हे संकेतस्थळ निघालं, थोड्याच दिवसांत बंद पडलं, विद्यापीठाने चौकशी केली, ४ फेब्रुवारी २००४ ला ‘द फेसबुक’ सुरू झालं, पुढे दोन दावे झाले आणि दोन्ही तडजोडीने मिटले. आपली कल्पना चोरली असा दावा करणाऱ्या विंकलवॉस या जुळ्या भावांशी झालेली तडजोड २००८ मध्ये साडेसहा कोटी डॉलरची होती. मात्र सुरुवातीची प्रेयसी आणि तिच्यावरच्या रागातून सगळं घडलं हा धागा लेखकाचा आहे. झुकेरबर्ग ज्यांच्याशी पुढे २०१२ साली विवाहबद्ध झाले त्या प्रिसिला चॅन यांची त्यांची ओळख २००३ मधलीच. संवाद इतके चोख आहेत की ते तसेच बोलले गेले असं वाटायला लागतं, तिथे सावध राहा.

सूत्र मूळचं बुद्धिबळपटूंचं बळ गुणांत मोजण्याचं, अर्पाद एलो या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांचं. बुद्धिबळाच्या जागतिक संघटनेने ते १९७० मध्ये स्वीकारलं. तुमच्या कामाला ते उत्तम चालेल. ६० चित्रांच्या सगळ्या जोड्या लावल्या तर १७७० होतात, एवढा दम कोणाला नाही. प्रत्येक चित्र १५ वेळा समोर यावं असं धरलं तर ४५० जोड्या पुरतात. ३० मुलं, प्रत्येकी १५ जोड्या.

सर्व चित्रांना १४०० गुण देऊन सुरुवात करा. जोडीतल्या पहिल्या चित्राची जिंकण्याची अपेक्षा काढायची : दुसऱ्याच्या गुणांतून पहिल्याचे वजा करा, ४०० ने भागा, आलेला आकडा १० चा घात म्हणून घ्या, त्यात १ मिळवा, आणि १ ला त्या संख्येने भागा. भागाकार घातातच येतो. कंस चुकला की सगळी यादी चुकते, आणि चूक नेमकी इथेच होते. मग चित्र जिंकलं तर १ मधून, हरलं तर ० मधून ही अपेक्षा वजा करून ३२ ने गुणा आणि गुणांत मिळवा. पडताळा असा : १४०० विरुद्ध १४०० मध्ये जिंकणारा १४१६, हरणारा १३८४. १५०० विरुद्ध १३०० मध्ये अपेक्षा ०.७६ येते; वरचा जिंकला तर त्याला ८ च गुण, खालचा जिंकला तर त्याला २४. एवढं जुळलं तर तुमची शीट बरोबर आहे.

पहिल्या फेरीनंतर क्रमांक ९ आणि क्रमांक १६ यांच्यातला फरक बहुधा योगायोगाचा असतो. म्हणून वरची २० चित्रं घ्या, त्यांच्या सगळ्या १९० जोड्या लावा आणि फक्त विजय मोजा. डावं-उजवं चित्र दर वेळी चिठ्ठीने ठरवा, काही मुलं न बघता डावीकडचंच निवडतात. ज्याने चित्र काढलं त्याला त्याच्या चित्राची जोडी देऊ नका. आणि खंड्याची पाच चित्रं वर आली तर एकच ठेवा. निळ्या रंगापुढे पारवा आणि चिमणी कधी जिंकणार नाहीत, आणि बेळगावच्या कॅलेंडरवर ती दोघं नसली तर ते कॅलेंडर अपुरं आहे असं आमचं मत.

एक गोष्ट निवडीच्या आधीच करा. फेसमॅशमध्ये खरी चूक सूत्राची नव्हती. विद्यार्थ्यांचे फोटो त्यांना न विचारता उचलले होते. तुमच्या ६० मध्ये घरट्यातल्या अंड्या-पिल्लांची जवळून काढलेली चित्रं असतील तर ती बाजूला काढा. फोटोसाठी फांद्या दूर केल्या की घरटं कावळ्याला दिसतं. फाईलमध्ये जागेचे अक्षांश-रेखांश नोंदलेले असतात, तेही पुसूनच चित्रं वाटा.

गॅलरीतल्या कपडे वाळत घालायच्या वायरला शिंजिराने घरटं टांगलंय. रोज त्याच वायरवर कपडे असतात. हलवलं तर चालेल का?
— गृहिणी, खानापूर

हलवू नका. हातभर सरकवलेलं घरटंही मादी बहुधा सोडून देते. जवळ जाऊन न हात लावता बघा : गवत, सालीचे तुकडे, वाळकी पानं, सुरवंटाच्या विष्ठेचे दाणे, आणि हे सगळं कोळ्याच्या जाळ्याने बांधलेलं. बाजूला भोक, भोकावर छोटी पडवी. कचरा लोंबतोय असंच दुरून वाटतं, आणि तसं वाटावं यासाठीच ते तसं आहे. म्हणून गॅलरीतली जळमटं महिनाभर झाडू नका, तिला डागडुजीला तीच लागतात.

वायरच्या दुसऱ्या टोकाला कपडे घातले तरी हादरा पोचतो, म्हणून घरट्याच्या एका हातावर वायर मधेच खिळ्याला दुहेरी गुंडाळून पक्की करा. मग पलीकडचं टोक वापरता येतं. अंडी दोन, पंधरवड्यात फुटतात, पुढच्या पंधरा-सतरा दिवसांत पिल्लं उडतात. डासांची कॉइल आणि फवारा त्या गॅलरीत तेवढे दिवस नको. पिल्लांना कोळी आणि किडेच भरवले जातात. पाली खांबावरून येत असतील तर खिळ्याजवळच्या वायरवर गुळगुळीत प्लास्टिकची नळी चढवा. पिल्लं गेल्यावर आठवडाभर थांबून वायर मोकळी करा, आणि त्याच उंचीला, पावसाच्या आडोशाला, सुंभाचा दीड हात तुकडा लोंबता बांधून ठेवा. पुढच्या वेळी ती वायरऐवजी तो धरण्याची बरीच शक्यता आहे.